कॉन्फिग फाईल, सी-मधलं स्ट्रक्ट आणि एक मराठी ८

बेदाणा_बाइट (धागाकर्ता), कुपवाड

मंडळी, मदत हवी आहे आणि थोडं मन मोकळंही करायचं आहे. लांबलंय, चहा घेऊन बसा.

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं दुकान आहे. पॅनेल, सेन्सर, लॉगर असली कामं करतो. चार वर्षांपूर्वी बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजला तापमानाचा लॉगर बसवून दिला. छोटा लिनक्स बोर्ड, आठ चेंबर, प्रत्येक चेंबरला दोन सेन्सर, एसएमएससाठी मोडेम. प्रोग्रॅम सी-त. सेटिंग साध्या टेक्स्ट फाईलीत: डावीकडे नाव, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत. चालू होताना फाईल वाचायची, एका स्ट्रक्टमध्ये (अनेक किमतींचा एका नावाखाली बांधलेला गठ्ठा) भरायची, पुढं सगळं काम त्या स्ट्रक्टकडे बघून.

(फंक्शनांची नावं देवनागरीतच लिहितोय. ओळखून घ्या, कंपायलरला असंच देऊ नका.)

गेल्या महिन्यात मालकांना चेंबर ३ ची वरची मर्यादा १० ची ८ अंश करून हवी होती. मी फोनवरच ऑपरेटरला सांगितलं, फाईल उघड, ८ कर, सेव्ह कर, रीस्टार्ट मार. पोरगं हुशार, दोन मिनिटांत केलं. फक्त त्यानं ते मोबाईलवरून केलं आणि कीबोर्ड मराठीत होता.

एटोआय म्हणजे अक्षरांतून आकडा काढून देणारं सी-चं फंक्शन. त्याला मराठी ८ कळत नाही. त्याच्या लेखी तो आकडाच नाही, म्हणून उत्तर ०. ना एरर, ना कुरकूर. आता मर्यादा ० झाली म्हटल्यावर अलार्मनं रात्रभर बोंब मारायला हवी होती. पण मी शहाण्यानं चार वर्षांपूर्वी ठरवून ठेवलेलं, की मर्यादा ० असेल तर त्या चेंबरचा अलार्म बंद समजायचा. वेगळं सेटिंग कशाला वाढवा!

अकरा दिवस चेंबर ३ ला राखणदारच नव्हता. बाराव्या रात्री कॉम्प्रेसर ट्रिप झाला. सकाळी हमाल बॉक्स काढायला आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "आत गार लागंना." लॉग बघितला तर १९ अंश. बेदाणा होता म्हणून निभावलं, एका रात्रीत त्याला काही होत नाही. तिथं ताजी द्राक्षं असती तर हा धागा मी काढलाच नसता, गाव सोडलं असतं.

कोड दाखवण्यासारखा नाही. तीनशे ओळींची इफ-एल्सची माळ, प्रत्येक मण्यात नाव जुळतंय का बघणारं एक स्ट्रकम्प आणि एक एटोआय. तुम्ही लोक हे कसं करता?

---

सज्जनगड_सर्व्हर, सातारा

आधी दंडवत, उघडपणे सांगितल्याबद्दल.

पण एवढा उपद्व्याप कशाला? आयता भात शिजलेला असताना चूल का पेटवायची? आयएनआयएच नावाची लहानशी लायब्ररी आहे, एक सी फाईल आणि एक हेडर. सेक्शन, नाव, किंमत अशा तीन स्ट्रिंग तुमच्या फंक्शनला आणून देते. सेटिंग गुंतागुंतीचं असेल तर लिबकॉन्फिग घ्या, जेसन चालत असेल तर सीजेसन.

---

मिरजेची_तार, मिरज

@सज्जनगड, लायब्ररी चांगलीच आहे, मीही वापरते. पण दादांचा ८ तिनं वाचला नसता. ती किंमत स्ट्रिंग म्हणूनच देते, तिचा आकडा करणं आपल्याकडेच. तिच्या माहितीपानावरचा नमुना बघा, त्यातही एटोआयच आहे. शिवाय तिची ओळ ठरावीक लांबीची, मुळात २०० अक्षरं. मराठीत टिपण लिहायची सवय असेल तर एकेक अक्षर तीन बाइट खातं, हे धरून चाला.

@बेदाणा_बाइट दादा, तुमच्या गोष्टीत दोन वेगळे घोटाळे आहेत, ते एकात एक मिसळू नका.

पहिला, आकडा वाचायचा. एटोआय सोडा, स्ट्रटोल घ्या. त्याला दुसरा पॅरामीटर असतो, वाचन कुठं थांबलं त्याचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता. वाचून झाल्यावर तीन गोष्टी बघायच्या. पॉइंटर सुरुवातीलाच असेल तर एकही आकडा मिळाला नाही. तुमचा मराठी ८ इथंच पकडला गेला असता. पॉइंटर ओळीच्या शेवटी नसेल तर मागं कचरा आहे, म्हणजे कुणीतरी इंग्रजी ८ ला चिकटून "अंश" लिहिलंय. आणि एर्नो (चुकीचा क्रमांक जिथं ठेवला जातो तो) आधी स्वतः शून्य करून नंतर त्यात ई-रेंज, म्हणजे "आवाक्याबाहेर", आलाय का ते बघायचं, म्हणजे मावत नाही एवढा आकडाही सापडतो.

आणि बेस, म्हणजे अंकपद्धतीचा पाया, १० च द्या. पुष्कळ जण तिथं ० देतात, "आपोआप ओळखेल" म्हणून. मग इंग्रजीत कुणी ०१० लिहिलं की ते अष्टमान (आठच्या पायाचं) धरून ८ होतं. गंमत म्हणजे ०८ लिहिलं तर परत शून्य! अष्टमानात ८ हा अंकच नाही, म्हणून पहिलं शून्य वाचून स्ट्रटोल तिथंच थांबतं.

दुसरा घोटाळा जास्त वाईट. तुमच्या स्ट्रक्टमध्ये शून्य तीन अर्थांनी राहतंय: खरंच शून्य अंश, "अलार्म बंद", आणि "काही वाचताच आलं नाही". इंटला (पूर्णांक ठेवणाऱ्या प्रकाराला) काय माहीत तो कुठून आलाय. अलार्म चालू की बंद याला वेगळं बूल (फक्त हो किंवा नाही) ठेवा. आणि फाईलीत प्रत्येक सेटिंग खरंच दिलं होतं का याची खूण वेगळी ठेवा.

---

बेदाणा_बाइट

ताई, ते ०८ चं मला आत्ता कळलं. दुसऱ्या एका साईटवर माझा बेस ० आहे. उद्या सकाळी पहिलं काम.

---

जुना_टर्बो, सांगली

ही टेक्स्ट फाईलच डोकेदुखी. आम्ही साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर लिहायचो तेव्हा सरळ स्ट्रक्ट आहे तसा डिस्कवर एफराइट करायचो, उठून एफरीडनं परत उचलायचो. एका ओळीत खेळ खलास. पार्सिंग नाही, एटोआय नाही, ऑपरेटरला बोट घालायला जागा नाही.

---

मिरजेची_तार

काका, आणि तीच फाईल नव्या मशीनवर वाचली तेव्हा?

---

जुना_टर्बो

हा हा. वर्मावर बोट ठेवलंस पोरी. सांगतो.

टर्बो सी या जुन्या कंपायलरात इंट दोन बाइटांचा. स्ट्रक्टमध्ये एक कॅर (एका बाइटाचं अक्षर) आणि एक इंट असेल तर तीन बाइट, कारण मधे मोकळी जागा सोडत नसे. तोच स्ट्रक्ट लिनक्सवर जीसीसी कंपायलरात घेतला की इंट चार बाइटांचा, आणि त्याला चारच्या हद्दीवर बसवायला कॅरनंतर तीन बाइट रिकामे. एकूण आठ. तीनची मापं आठच्या पायलीनं मोजली. पहिल्या गाडीचं टेअर वजन (रिकाम्या गाडीचं) आलं अडीच कोटी किलो. कारखान्यात चार दिवस चेष्टा चालली होती, "तुमच्या गाडीत काय सह्याद्री भरलाय काय?"

शेवटी एकेक बाइट हातानं वाचणारं कन्व्हर्टर लिहिलं. तेव्हा माझं वरचं बोलणं मागं घेतो. निदान पहिल्या चार बाइटांत आवृत्ती क्रमांक टाकल्याशिवाय कुणी स्ट्रक्ट डिस्कवर टाकू नये.

---

विश्रामबाग_लास्टबेंच

काका, ताई, याच विषयावर माझा प्रोजेक्ट अडलाय, इथंच विचारतो. धागा हायजॅक होत असेल तर सॉरी.

माझ्या स्ट्रक्टमध्ये सर्व्हर, युजर, लॉगफाईल असे तीन कॅर पॉइंटर आहेत. एफगेट्सनं ओळ वाचतो, बरोबरच्या चिन्हावर तोडतो, उजवा भाग त्या त्या पॉइंटरला देतो. वाचताना प्रत्येक ओळीला प्रिंट केलं तर बरोबर. लूप संपल्यावर प्रिंट केलं तर तिन्हीकडे लॉगफाईलचीच अक्षरं, कुठं पूर्ण, कुठं मधूनच तुटलेली. सरांनी "मेमरीचा काहीतरी इश्यू" एवढंच सांगितलं.

---

बेदाणा_बाइट

भावा, यात मी पीएचडी केलेली आहे, मी सांगतो.

एफगेट्सला तू जो बफर दिलास तो एकच आहे ना? ती पाटी आहे. पहिली ओळ पाटीवर लिहिली, तू सर्व्हरला सांगितलंस, "तुझं नाव पाटीवर सहाव्या घरापासून आहे." दुसरी ओळ आली, पाटी पुसली, युजरला सांगितलंस चौथ्या घरापासून. तिसरी आली, पुन्हा पुसली. आता तिघंही पाटीकडे बोट दाखवून उभे, आणि पाटीवर फक्त तिसरी ओळ. डाव्या बाजूच्या नावाची लांबी वेगवेगळी म्हणून घरं वेगळी, म्हणून कुणाला पूर्ण दिसतं आणि कुणाला तुटलेलं.

तेव्हा बोट दाखवू नको, नक्कल करून घे. स्ट्रडप वापर, ते नवीन जागा घेऊन नक्कल करून देतं. नंतर फ्री करायचं विसरू नको. नाहीतर पॉइंटरऐवजी स्ट्रक्टमध्येच ठरावीक लांबीचा कॅर अॅरे ठेव. मला अॅरे आवडतो. सगळा स्ट्रक्ट एका बरोबरच्या चिन्हानं दुसऱ्यात ओतता येतो आणि फ्रीची भानगड नाही.

फक्त अॅरेत भरताना स्ट्रएनसीपीवाय नको. किंमत बरोबर अॅरेएवढी किंवा मोठी निघाली तर ते स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट टाकतच नाही. एसएनप्रिंटएफ घे, त्याचं उत्तर अॅरेच्या मापाएवढं किंवा जास्त आलं की समज कापलं गेलंय, आणि तिथंच एरर दे. मोबाईल नंबरचा शेवटचा अंक कापला गेला तर एसएमएस दुसऱ्याच कुणाला जातो. कसं माहीत ते विचारू नको.

---

विश्रामबाग_लास्टबेंच

पाटी!!! झालं दादा, चाललं. स्ट्रडपनं लगेच झालं. पण ते जुन्या सी-त नाही म्हणे?

---

मिरजेची_तार

पॉसिक्समध्ये (युनिक्स-लिनक्सचं स्टँडर्ड) फार आधीपासून आहे, सी-च्या स्टँडर्डमध्ये आलं ते सी२३ आवृत्तीत. लिनक्सवर बिनधास्त वापर.

---

आयर्विन_४५_फूट, सांगली

वाचतोय. एक भर.

एकेक सेटिंग सुटं तपासून भागत नाही, एकमेकांशीही ताडून बघावं लागतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. सांगलीत शाळकरी पोरालाही हे पाठ. आता समजा कुणी फाईलीत इशारा ४५ आणि धोका ४० टाकलं. दोन्ही आकडे सुटे बघितले तर अगदी शहाणे. एकत्र बघितले तर गणपती पेठेत पाणी शिरल्यावर इशारा द्यायचा म्हणणारं यंत्र.

म्हणून फाईल पूर्ण वाचून झाल्यावर वेगळं तपासणी फंक्शन लागतं, त्याला अख्खा स्ट्रक्ट द्यायचा. किमान कमालपेक्षा लहान आहे ना, एकाच सेन्सरचा पत्ता दोन चेंबरना दिला नाही ना, असलं. वाचता वाचता हे जमत नाही, कारण धोका पातळीची ओळ अजून यायची असते.

---

सज्जनगड_सर्व्हर

+१. आणि इफ-एल्सच्या माळेबद्दल कुणीच बोललं नाही. तिथं तक्ता करा ना. स्ट्रक्टांचा एक अॅरे, प्रत्येक रांगेत फाईलीतलं नाव, प्रकार, किमान, कमाल, आणि ऑफसेटऑफ वापरून ते फील्ड स्ट्रक्टच्या सुरुवातीपासून किती बाइटांवर आहे ते. वाचणारं फंक्शन एकच. नवीन सेटिंग आलं की तक्त्यात एक रांग. तीनशे ओळींच्या पन्नास होतील.

---

मिरजेची_तार

तक्ता हवाच, पण त्याचा काटाही सांगा. ऑफसेटनं लिहिताना कंपायलर प्रकार तपासत नाही. तक्त्यात "इंट" लिहिलं आणि स्ट्रक्टमध्ये ते फील्ड शॉर्ट असेल, तर चार बाइट दोनांच्या जागेत जातात आणि शेजाऱ्याचं घर पुसतात. एकदा चेंबर १ ची मर्यादा बदलली की चेंबर २ चा विलंब शून्य होत होता. दोन दिवस वायरिंग तपासत बसले होते.

उपाय दोन. एकतर स्ट्रक्टमध्ये मोजकेच प्रकार ठेवा: सगळे पूर्णांक लाँग, सगळे दशांश डबल, सगळ्या स्ट्रिंग एकाच मापाच्या. सेटिंगच्या चाळीस फील्डांत बाइट वाचवून कुणाचं घर चालत नाही. नाहीतर सी११ पासून कंपाइल करतानाच अट तपासणारं स्टॅटिक असर्ट आहे, प्रत्येक रांगेला फील्डचं माप ताडून घ्या. चुकलं तर कंपाइलच होणार नाही.

आणि तक्त्याएवढाच लांब एक "दिसलं" अॅरे ठेवा. नाव सापडलं की खूण. आधीच खूण असेल तर तेच सेटिंग फाईलीत दोनदा आहे. शेवटी खूण नसेल तर ते दिलंच नाही. आणि तक्त्यात नसलेलं नाव आलं तर गप्प पुढं जाऊ नका, ओरडा. स्पेलिंग चुकलेलं सेटिंग हे मराठी ८ चंच भावंड.

---

पाणंदीतला_पेंग्विन, तासगाव

फाईल विंडोजवरून येत असेल तर अजून दोन पाहुणे. ओळीच्या शेवटी दोन बाइट असतात, १३ आणि १०. आपण १० काढतो, १३ राहतो. स्क्रीनवर दिसत नाही, पण लॉगफाईलच्या नावाला चिकटतो आणि मग "फाईल आहे पण सापडत नाही" सुरू. दुसरा, जुनं नोटपॅड यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) सेव्ह करताना सुरुवातीला २३९, १८७, १९१ असे तीन बाइट टाकतं. पहिल्याच ओळीचं सेटिंग ओळखलं जात नाही, बाकी सगळं चालतं. डोकं फिरतं.

---

बेदाणा_बाइट

मंडळी, चार दिवसांनी येतोय. बसून सगळं नव्यानं लिहिलं.

आता चालू स्ट्रक्टला फाईल वाचताना हात लागत नाही. एक नवीन स्ट्रक्ट घेतो, त्यात आधी डीफॉल्ट ओततो, मग तक्त्यावरून फाईल वाचतो, मग आयर्विनरावांची ताडातपासणी. सगळं पास झालं तरच नवीन स्ट्रक्ट चालूच्या जागी. एक जरी ओळ चुकली तर नवीन फेकून द्यायचा, जुन्यावर चालू राहायचं, आणि मला एसएमएस: कुठली ओळ, काय लिहिलंय, काय हवं होतं. मर्यादांना मात्र डीफॉल्टच ठेवला नाही. त्या लिहिल्याच पाहिजेत. कुणाच्या चेंबरला किती अंश हवेत हे मी कुपवाडात बसून ठरवणार कोण?

रीस्टार्टही काढून टाकला. सिगहप सिग्नल (चालू प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली हाक) दिला की फाईल पुन्हा वाचली जाते. सिग्नल हँडलरमध्ये (सिग्नल आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) फक्त एक झेंडा वर करतो, वाचन मुख्य लूपमध्ये. आधी हँडलरमध्येच एफओपननं फाईल उघडली होती, तिथं ते सुरक्षित नाही म्हणून ताईंनी व्यनित (खासगी निरोपात) झापलं.

---

आयर्विन_४५_फूट

छान. पण "जुन्यावर चालू राहायचं" म्हणता, ते जुनं मेमरीत. फाईल चुकीची पडून आहे आणि रात्री लाईट गेली-आली तर?

---

बेदाणा_बाइट

हे खरंच सुटलं होतं माझ्याकडून. 🙏

आता असं केलं: वाचन यशस्वी झालं की त्याच सेटिंगची एक प्रत "शेवटची बरी" म्हणून ठेवतो. बूट होताना मुख्य फाईल नापास झाली तर ती प्रत घ्यायची आणि बोंब मारायची. ती प्रत लिहितानाच लाईट गेली तर अर्धी फाईल राहायला नको, म्हणून आधी तात्पुरत्या नावानं लिहायची, एफसिंक करून ती खरंच डिस्कवर उतरवायची, मग रीनेम. रीनेम एका फटक्यात होतं, जुनी तरी पूर्ण असते नाहीतर नवी तरी. बोर्डची वायर बाराएक वेळा हातानं उपसून बघितली. बायको म्हणाली, हे काम आहे की खेळ?

---

सज्जनगड_सर्व्हर

आता मूळ प्रश्न. मराठी ८ चं काय केलंत? एरर देता की वाचता?

---

जुना_टर्बो

एरर! मशीनच्या फाईलीत इंग्रजी आकडे, हा नियम. एकदा सूट दिली की उद्या कुणी रोमन आकडे लिहील.

---

मिरजेची_तार

काका, ऑपरेटर मराठी, मालक मराठी, भिंतीवरचं कॅलेंडर मराठी. चूक त्या पोराची नाही. आणि वाचणं अवघडही नाही. यूटीएफ-८ मध्ये मराठी अंकाचे तीन बाइट, पहिले दोन कायम २२४ आणि १६५. तिसरा शून्याला १६६, तिथून चढत नऊला १७५. म्हणजे तिसऱ्यातून १६६ वजा केले की अंक हातात. ८ चा तिसरा बाइट १७४. स्ट्रटोलच्या आधी एक दहा ओळींचं फंक्शन फिरवा, मराठी अंकाचे इंग्रजी करून द्या. फक्त बाइट अनसाइन्ड कॅर (उणे न होणारा) म्हणून बघा. साधा कॅर कित्येक ठिकाणी उणे धरतो आणि मग २२४ कधी जुळतच नाही.

---

जुना_टर्बो

बरं बाई. पण आकड्यांपुरतंच.

---

बेदाणा_बाइट

ताईंचं ऐकलं. ते फंक्शन टाकलं, नऊच ओळी झाल्या. परवा जाऊन बसवून आलो, पोराला सांगितलं, आता मराठीत टाकलं तरी चालतंय, घाबरू नको.

काल संध्याकाळी सव्वासातला माझ्या फोनवर एसएमएस: "ओळ २३, चेंबर ५ कमाल: 'आठ' हा आकडा नाही. जुन्या सेटिंगवर चालू."

मी फोन केला. तो म्हणतो, "साहेब, तुम्हीच म्हणालात की मराठीत टाक."